किती लांब उभं राहायचं

उद्या उचगावात लग्न. मुहूर्त बारा सत्तेचाळीस,
म्हणजे धरा दीड.
कॉटवर टॉवेल पसरून लेन्सा मांडल्यात.
पिशवीत जागा दोघींनाच.
तिसरी घेतली की उजवा खांदा
पहिल्या पंगतीपर्यंतच साथ देतो.

सत्तर-दोनशे भाड्याची. राजारामपुरीतल्या सुकुमारची,
दिवसाला सहाशे, ओळखीत पाचशे.
परत देताना तो काचेवर हाः करतो
आणि वाफ जाईपर्यंत माझ्याकडं बघत नाही.
हिच्यानं हॉलच्या मागच्या दारातून
नवरीच्या पापणीवरचा तांदूळ दिसतो.
कुणाच्या मधे यावं लागत नाही,
भटजी ओरडत नाहीत, अहो ताई, जरा बाजूला.

पंच्याऐंशी माझी स्वतःची. तीन सीझनचे हप्ते.
हिच्यात एक चेहरा राहतो, बाकीचं विरघळतं:
थर्माकोलची कमान, स्टँडचे पंखे,
आहेर लिहून घेणारा चुलता,
सगळ्यांचे उजेडाचे गोल गोल थेंब.
नवऱ्या ह्याच फोटोंवर खूश.
सासवा विचारतात, ह्यात आम्ही कुठायत?

पस्तीस आदगोंडा काकांची.
शाहूपुरीतला स्टुडिओ बंद करताना दिली.
पैसे घेतले नाहीत, म्हणजे घेतले, पण मोजले नाहीत.
आत कडेला बुरशीचं बारीक जाळं आहे,
म्हणून पावसाळाभर फडक्यात बांधून
मी ती तांदळाच्या डब्यात पुरते,
आणि आई भात टाकायला गेली की रोज नव्यानं दचकते.
काका म्हणाले होते, फोटो कसा काढतीस ते ऱ्हाऊ दे,
उभी कुठं ऱ्हातीस ते सांग.
मी म्हटलं, लांब.
व्हय, म्हणाले, सुरवातीला सगळीच.

गेल्या वैशाखात, कळंब्याच्या कार्यालयात,
नवरीची आई खांबामागं होती.
पाटावर चुलता-चुलती.
भाड्याच्या लेन्सनं मी तिला उचललं.
मुठीत अक्षता.
सावधान झालं, सगळ्यांनी टाकल्या,
तिनं टाकल्या नाहीत. मूठ तशीच.
फोटो इतका चांगला आला
की दोन रात्री मी तो उघडून बघत होते.
अल्बममध्ये पान अकरा.

महिन्यानं ती आली. चपला बाहेर काढून
दुकानाच्या फरशीवर उभी राहिली.
पोरी, म्हणाली, एवढं पान काढून दे.
चांगलंच आलंय.
पण कुणी बघतंय हे मला ठाऊक नव्हतं गं.

मी ब्लेडनं पान काढलं.
तिनं ते घडी न घालता पदराखाली धरलं
आणि रिक्षाला हात केला.
फाडलं असेल, ट्रंकेत ठेवलं असेल.
पैसे द्यायला लागली होती त्या एका पानाचे.

पस्तीसनं जवळ जावं लागतं.
इतकं जवळ, की हळद, घाम, मोगरा, सगळं एकदम नाकात येतं,
साजाचा फासा मानेला टोचतोय
हे नवरीच्या आधी आपल्याला कळतं.
इतकं जवळ, की समोरचं माणूस आपल्याकडं बघतंच,
आणि एकदा बघितलं
की त्याला नको म्हणता येतं.
असे कितीतरी फोटो माझ्याकडं नाहीत.

सव्वाअकरा. बॅटऱ्या चार्जरवर.
पस्तीस गळ्यात, पंच्याऐंशी पिशवीत.
भाड्याची पेटीत ठेवली.
परत काढली, पाचशे दिलेत.
परत ठेवली.

झाकण लावताना दिसलं, हूडच्या खाचेत
एक तांदूळ अडकलाय, कुंकवाचा, वाळून कडक.
माझ्याच एखाद्या लग्नातला असेल असं नाही,
ही लेन्स गावातले सगळेच नेतात.
पिनेनं काढला.
सुकुमारला दिसला असता तर बोलला असता.
आता तो तळहातावर आहे
आणि टाकायचा कुठं, कळत नाही.