मागची काच

शनिवारी पाणी येणार नाही, म्हणून
शुक्रवारीच दोन बादल्या भरून ठेवतो
बाल्कनीत, उघड्या,
म्हणजे सकाळपर्यंत क्लोरीन उडून जातं.
कुंदा म्हणते, माणसांना नळाचं चालतं,
ह्यांना मात्र मुरवलेलं लागतं.

आधी पंपाचा प्लग काढायचा.
एकदा विसरलो होतो,
खांद्यापर्यंत मुंग्या आल्या होत्या.
मग प्रेसच्या कॅन्टीनचं जुनं कार्ड घ्यायचं,
फोटोत माझे केस काळे आहेत,
आणि त्याच्या कडेनं शेवाळ खरवडायचं
वरून खाली, वरून खाली.
हिरवी पापडी सुटते,
गिरकी घेत तळाशी जाते.

चौतीस वर्षं नाशिकरोडला
छापलेल्या तावांमधली खोट शोधली.
फिकी शाई, सरकलेला आकडा,
कडेला केसाएवढी रेघ.
खूण करायची, ताव बाजूला.
किती कोटी गेले हातांखालून,
घरी आणला तो फक्त डोळा.
तो आता वरणात खडे शोधतो,
लग्नपत्रिकांत ऱ्हस्व-दीर्घ,
आणि काचेवर एक ठिपका राहिला
तर रात्री दोनला उठवतो.

हे काम करील म्हणून सकर मासा आणला होता,
बिटकोजवळच्या अल्ताफ कोकणीकडून.
आला तेव्हा करंगळीएवढा.
आता वीतभर झालाय,
शेवाळाकडे ढुंकून बघत नाही,
गोळ्या कधी पडतात त्याची वाट बघत
दगडावर पडून असतो.
मी त्याला काही बोलत नाही.
मीही पेन्शनवर आहे.

पुढच्या काचेवर, डाव्या कोपऱ्यात
एक ओरखडा आहे.
कुंदानं काढलेला, तारेच्या घासणीनं.
मोतीबिंदूच्या वेळी मी एक रात्र दवाखान्यात होतो
तेव्हा.
तुम्ही घरी याल तर लख्ख दिसावं म्हटलं, म्हणाली.
पट्टी निघाली
आणि मला पहिल्यांदा लख्ख दिसला तो तोच.
बोललो. नको ते बोललो,
ताव बाजूला टाकावा तशा आवाजात.
तेव्हापासून ती टाकीला हात लावत नाही.

अल्ताफ म्हणतो, काका, तीनच बाजू घासा.
मागची राहू द्या.
बरंच काही जगतं तिच्यावर,
तुम्हालासुद्धा न दिसणारं.
पहिले दोन महिने ती काच मला टोचली,
कार्ड घेऊन हात तिथपर्यंत जायचा, परत यायचा.
आता मखमल धरलीय तिनं.
गप्पी तोंड टेकवतात तिथं,
चरतात म्हणा ना.

आज घासून झालं.
गढूळ पाणी खालच्या अळूला दिलं,
मुरलेलं पाणी तांब्यातांब्यानं ओतलं.
साडेचारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं,
नेमकं ओरखड्यावर पडलं,
आणि खाली वाळूत
उजेडाची एक बारीक रेघ उमटली, हलती,
नोट उजेडात धरल्यावर
आत दिसते ना तार, तशी.

कुंदाला हाक मारली.
ती नॅपकिनला हात पुसत आली, वाकली,
बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली,
बाही भिजलीय तुमची,
कोपरापर्यंत.