उंच भट्टी
मिडल्झबरो, टीज नदीचा काठ, १८७१

भट्टीच्या तोंडाशी निळी ज्योत, अजूनही.
मालक म्हणाले, जळण्याजोगा वायू वर निसटतोय,
म्हणजे कोळसा निसटतोय, म्हणजे
पुढचं बोलायची गरजच नव्हती.

मग भट्टी चढवली. पन्नास फुटांची ऐंशी.
वायूला खनिजापाशी जरा जास्त वेळ मिळावा.
वेळ दिला की काम पुरं होतं,
मजुरांवर पडताळलेलं गणित.

जेबेझ थर्केल शिडी चढतो,
काचेच्या नळीत वायू धरतो, खाली येऊन मोजतो.
होता तेवढाच.
पुन्हा चढतो. गुडघे आता स्वतंत्र हिशेब ठेवू लागलेत.
तेवढाच.

"तुझी नळी गळते," मुकादम.
"अजून वीस फूट," मालक.
शंभर फुटांवरून समुद्र दिसतो,
झाला तो फायदा एवढाच.

रात्री विधवा गेराटीच्या घरी लापशी.
बारा खाटा, बारा माणसं.
दिवसपाळीवाले उठतात
तोवर रातपाळीवाले बुटांचे बंद सोडत असतात.
एका गादीत दोघांची ऊब, ओळख मात्र नाही.
"घर कधी रिकामं होतं का हो?"
"होईल कसं? जातात तेवढे येतात.
रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, घर झोपलंय.
माझ्या जिन्याला विचार."

चमचा लापशीत तसाच उभा राहिला.

म्हणजे तिथं काही अर्धवट पडलेलं नाही.
गंजातून लोखंड सुटतंय,
आणि त्याच घडीला, त्याच आचेत
सुटलेलं लोखंड पुन्हा गंज पांघरतंय.
एक वायू प्राणवायू उचलून नेतो,
दुसरा आणून ठेवतो,
दोघांची चाल सारखी.
म्हणून मोजणाऱ्याच्या नळीत आकडा हलत नाही.
आच बदला, हलेल.
उंची वाढवून फक्त जिना लांबतो,
खाटा बाराच.

सकाळी सांगायला गेला.
दुसऱ्या भट्टीच्या विटा घेऊन
नाव धक्क्याला लागलेली होती.
मुकादम तिच्यावर ओरडत होता, याच्याकडे पाठ.

जेबेझनं वहीतला 'अपूर्ण' हा शब्द खोडला,
पानोपानी, मागच्या मार्चपर्यंत.
त्या जागी काय लिहायचं
ते मात्र सुचेना.
घरी येऊन आडवा झाला.
गादी कोमट होती.