निष्पत्तीचा रकाना

रकाना सातवा:
पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला
नेमकं काय काय करता येईल?
खाली बारीक टायपात सूचना,
वाक्याची सुरुवात क्रियापदाने करावी.
मराठीत ते शेवटी येतं
हे समितीत कुणाला आठवलेलं दिसत नाही.

'समजेल' चालणार नाही.
समजणं मोजता येत नाही, असं कार्यशाळेत सांगितलं होतं,
जेवणाच्या सुट्टीआधी, अळूवड्यांचा वास येत असताना.
'ओळखेल' चालेल. 'वर्गीकरण करेल' उत्तम.

रात्रीचे पावणेबारा. सकाळी अकराला फाईल हवी.
अठरा वर्षं भूशास्त्र शिकवतेय,
त्यातली नऊ तासिकेवर,
आणि या एवढ्याशा चौकटीत
मला गहिनीनाथ ठोंबरे बसवायचाय.

पहिल्या वर्षी, वेताळ टेकडीच्या खाणीत,
बाकीचे हातोडी घेऊन फोटो काढत होते
तेव्हा त्यानं दगड उचलून जिभेला लावला.
"चिकटतोय मॅडम. माती झालीय याची."
हे मी शिकवलं नव्हतं.
आष्टीकडं विहिरी खणणारे चुलते असं करतात, म्हणाला.
क्रियापद कोणतं लिहू? 'चाटेल'?
विद्यापीठाला कसं कळवू?

रात्री तो घरोघर जेवण पोचवायचा,
सकाळच्या तासाला डोळे तांबारलेले.
एकदा म्हणाला, आंबिल ओढा भिंतींआड गेला खरा,
पण सहकारनगरचा उतार संपतो तिथं
गाडीला अजून कळतं पाणी कुठं वळायचं.
नकाशावाचन: दहापैकी साडेचार.
समोच्च रेषा त्यानं पेनानं काढल्या होत्या.

आणि निलोफर बागवान.
तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी काहीतरी विचारलं,
ती म्हणाली, "माहीत नाही."
थांबली.
"पण उत्तर शोधायला कुठून सुरुवात करीन, ते सांगते."
ट्रेमधले नमुने पुसता पुसता
दरेकर मामांचा हात थांबला.
परीक्षकांनी सहा दिले.
त्या सहाखाली माझीही सही आहे.

गेल्या वर्षीची यादी पुन्हा वाचते:
संवादकौशल्य, संघभावना, समस्यांचे निराकरण.
सगळं बरोबर आहे.
आत कुणीच नाही.

बाराला फोन थरथरला. गहिनीनाथ.
बाणेरला कुठल्याशा टॉवरच्या पायावर रात्रपाळीला असतो.
फोटो: काळ्या कातळात फुटलेली पोकळी,
आत पांढरे, कडेला काचेसारखे स्फटिक,
आणि बाजूला त्याचा सिमेंटनं माखलेला अंगठा.
"मॅडम, पोकलेनवाल्याला दहा मिनिटं थांबवलंय.
स्टिल्बाइट का ॲपोफिलाइट?"

मोजपट्टी नसेल तर नाणं ठेवा,
नाणं नसेल तर अंगठा,
हे मात्र मी शिकवलं होतं.

रकाना तसाच उघडा.
मी चष्मा शोधतेय.
दहातली दोन मिनिटं गेली.