दोनदा काढलेला वीर

शाई पुरवणाऱ्या इटलीच्या कंपनीनं
नाशिकरोडच्या प्रेसला धाडलेलं कॅलेंडर, साल एकोणऐंशी.
ऑक्टोबरचं पान तेवढं आप्पांनी ठेवलं, तारखा कापून,
तांबट आळीतल्या खोलीत
मीटरच्या शेजारचं भगदाड झाकायला.

समुद्र. मधोमध रानडुकराच्या सुळ्यांचा
एक ओला राक्षस,
त्याच्या पाठीवर पाय रोवून वीर, तलवार उगारलेली.
डावीकडे खडकाला बांधलेली राजकन्या.
आणि उजवीकडे, आभाळात,
पायांना पंख लावून येणारा
तोच.

लहानपणी मला वाटे, दोघं भाऊ असतील.
"एकच गं. इथं येतोय, इथं पोचलाय.
मधलं काढलं नाही चिताऱ्यानं.
मधलं कुणीच काढत नाही."

आप्पांचं मात्र सगळं मधलंच.
शालिमारवरून सात पाचची बस,
गेटवर खिसे उलटे, डबा उघडून दाखवायचा,
मग भिंगाखाली पोलादावर रेघ,
केसाहून बारीक,
आरशातल्यासारखी उलटी.
देशभर गेल्या त्या रेघा,
घामट खिशांत, कनवटीला, देवाच्या पेटीत.
सहीसुद्धा कोरली एकदा,
दुसऱ्याची.

"हा बघ चितारी. गर्दीत घुसवलंय स्वतःचं तोंड.
सगळे राक्षसाकडं बघतायत, हा आपल्याकडं."
आणि चष्मा पुसत बसायचे
उगाच लांबवून.

आता काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले.
जेवणं झाली की विचारतात,
"पडली का गं तलवार?"
"नाही अजून."
"घाई नको म्हणावं. तू दोरीच्या गाठी बघ.
सगळ्यात जास्त वेळ त्याला तिथं लागलाय.
मारायला काय, एक फटका.
सोडवायला खाली बसावं लागतं."

परवा नवा मीटर बसवायला शब्बीर आला,
त्यानं पान काढून आप्पांच्या मांडीवर ठेवलं.
त्यांनी बोटं फिरवली: समुद्र, राक्षस, राजकन्या,
दोन्ही वीर.
"सपाट. ऑफसेट. हाताला काहीच लागत नाही."

मग शब्बीरला द्यायची शंभराची नोट
अंगठ्याखाली धरून बसले,
कडेच्या वेलबुट्टीवरून जात, परत येत.
शब्बीर हात पुढं करून उभा.

"थांब रे जरा," आप्पा म्हणाले,
"मी अजून इथंच आहे."