एक जून

जिंतूरच्या मैदानावर सकाळी फक्की टाकली :
टोकावर उभं केलेलं एक शंकरपाळं,
बाजू नव्वद फुटांची.
काळ्या मातीच्या भेगांनी जागोजागी रेघ गिळली.
बेस म्हणजे वाळू भरून शिवलेल्या युरियाच्या गोण्या,
पहिल्यावर अजून वाचता येतं – पंचेचाळीस किलो.

स्कोअर लिहायला मी.
कच्छवे सर म्हणाले, बाई, तुमचं अक्षर चांगलंय.
अक्षर चांगलं म्हणून काय काय लिहून घेतलं लोकांनी,
जनगणना, मतदारयाद्या, खिचडीचा तांदूळ,
संडास कुणाकडे आहे, कुणाकडे नाही.
आता हे.
कोण धावला, कोण कुठवर पोचला.

विभागीय निवड. इथून पुणे, पुण्याहून दिल्ली,
आणि टिकलंच कुणी तर जपान.
पोरं जपान हा शब्द हळू म्हणतात,
झोपलेल्या कुत्र्याजवळून जाताना बोलावं तसं.

मुंजाजी टाकरस डावखुरा.
शाळेतले चारही ग्लोव्ह उजव्यांचे,
त्यातला एक उलटा चढवून तो उभा राहतो,
अंगठ्याच्या घरात करंगळी.
नांदेडच्या पोराला चेंडू दिसला नाही,
ऐकू आला,
मागे, अर्शदच्या ग्लोव्हमध्ये.
बॅट न हलवता बाद झाला तर उलटा के काढतात म्हणे.
मी आपला क लिहिते. तो उलटा कसा काढायचा
हे बघत पेन्सिल क्षणभर थांबली,
मग सुलटाच काढला.
दुपारपर्यंत अकरा क झाले,
पहिलीच्या पोरानं गिरवल्यासारखं पान.

जेवणं झाल्यावर टेबलावर दाखले मांडले.
पुण्याचे साहेब चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
चौदातली अकरा पोरं एक जूनची?
तुमच्या जिल्ह्यात सगळे पाळणे एकाच दिवशी हलतात का?
सगळे हसले, मीही.
तेवढ्यात मुंजाजीचा दाखला वर आला.
जन्म एक ऑगस्टनंतरचा हवा.
हा दोन महिन्यांनी थोर.

आई जिनिंगवरून तशीच आली, केसांत कापूस.
एक जून कशाचा, सायेब?
महालक्ष्म्या बसल्या व्हत्या घरात,
येलदरीचे दरवाजे उघडलेले,
सुईण पान्यापल्याड अडकली,
मह्या सासूनंच नाळ कापली.
कागद आहे का काही?
पोरगं हाय की, ती म्हणाली.

दाखल्यावरचं अक्षर सुरेख होतं.
माझं.

तेव्हा मी वाडीच्या शाळेवर होते, पटावर एकोणीस.
वीस झाले तर शाळा राहणार होती.
ही बाई त्याला हाताला धरून आली,
सहाला तीन महिने कमी होते.
मी तिला पुरतं बोलूही दिलं नाही, लिहून टाकलं.
तेव्हा ते उपकारासारखं वाटलं,
दोघींनाही.

आज मी खुर्चीवरून उठले, म्हणाले,
हे मी लिहिलंय, हे खोटं आहे.
साहेब चांगले होते. पाणी पुढे केलं,
म्हणाले, बाई, तोंडी चालत नाही.

यादी वाचली. अर्शदचं नाव होतं,
तो टाळ्या वाजवायचा विसरला.

संध्याकाळी पोरं गोण्या रिकाम्या करत होती.
मुंजाजीनं दातानं शिवण तोडली,
वाळू पायाशी ओतली, गोणी झटकली, घडी घातली.
जपानचं काही बोलला नाही.
मंग मपला वाढदिवस कव्हा धरायचा, बाई?

हातात पेन्सिल होती अजून.
त्या वर्षी महालक्ष्म्या कुठल्या तारखेला बसल्या,
ते असेल कुणाच्या तरी माळ्यावर,
जुन्या कॅलेंडरात,
दुधाच्या हिशेबाखाली.