वायर पुरत नाही

"काकू, अजून वायरचाच?"
शेडमधनं जाता जाता मालकाचा पोरगा विचारतो.
त्याच्या कानांत दोन पांढरे दाणे.
तो कुणाशी बोलतोय हे कधी कळत नाही;
परवा मी त्याला तीनदा "व्हय जी" म्हणाले,
आणि तो इंदूरच्या व्यापाऱ्याशी भाव पाडत होता.

वायरचाच, बाळा.
तासगाव स्टँडसमोर घेतलेला, साठ रुपयांचा.
तेव्हा काळा होता. आता बेदाण्याची पूड बसून
कसल्या रंगाचा झालाय ते सांगता येत नाही.
फोनला जिथं खोचतात तिथं चिकटपट्टी,
चिकटपट्टीवर रबर,
आणि फोन एका कलानंच धरावा लागतो
ताप आलेल्या लेकरासारखा,
तेव्हा कुठं सांगली केंद्र लागतं.

तुला ठाऊक नसेल,
वायर उपसली की रेडिओ मुका होतो.
ही वायरच त्याची एरियल.
तुझ्या दाण्यांना हवेतलं सगळं ऐकू येत असेल,
माझ्या फोनला नाही येत.
त्याला काहीतरी धरायला लागतं.

जैतून माझ्या डावीकडं बसायची.
पट्ट्यावरनं बेदाणा यायचा,
काडी वेगळी, काळा वेगळा, खडा डब्यात,
एक बोंड माझ्या कानात, एक तिच्या.
तिचा उजवा कान लहानपणीच वाहून गेलेला.
म्हणजे वायर तिच्या हनुवटीखालनं
पार पलीकडच्या कानाला न्यावी लागायची
आणि ती पुरायची नाही.
"सरक की गं," मी म्हणायचे.
ती सरकायची. गुडघ्याला गुडघा लागायचा.
आठ तास. पाच हंगाम.

एकीला शिंक आली की दुसरीचं गाणं तुटायचं.
पाण्याला उठायचं तर विचारून उठायचं.
मुकादम बाबर म्हणायचा, एका जुवाची खिल्लारी.
आम्ही त्याच्याकडं बघायचो नाही,
कारण बातम्या चालू असायच्या,
आणि बातम्यांनंतर हवामान,
आणि ढगाळ म्हटलं की दोघींचे हात एकदमच थांबायचे.
रॅकवर कुणाचा तरी माल वाळत असायचा.
आमचा नव्हे. पण हात थांबायचे.

गेल्या चैत्रात रंग ओळखणारं मशीन आलं.
बावीस बायकांतल्या आठ राहिल्या.
मशीनला पिवळा, हिरवा, काळा सगळं कळतं,
एका दमात फुंकून उडवतं.
मशीन चालू असलं की रेडिओ ऐकू येत नाही,
तरी मी बोंड कानात घालून बसते.
सवय.

जैतून मिरजेला लेकीकडं गेली.
रविवारी फोन करते.
जावयानं तिला बिनवायरचे आणून दिलेत, डबीसकट.
महिन्यातच एक हरवला.
सगळं घर पालथं घातलं, नातवानं पिठाचा डबा सुद्धा चाळला.
मी म्हटलं, अगोबाई, हजाराची वस्तू.
ती म्हणाली, "हरवला तो उजवा होता गं.
त्याला तसंही काम नव्हतं."
आणि अशी हसली, अशी हसली,
की मला फोन कानापासनं लांब धरावा लागला.

तिचं बोंड आता माझ्या कमरेला खोचलेलं असतं,
नाहीतर पट्ट्यात अडकतं.
दुपारी लाईट जाते. मशीन थांबतं.
आठ बायका डबे उघडतात,
आणि माझ्या कमरेतनं कुणीतरी
मुंगीएवढ्या आवाजात बोलायला लागतं.

समोरची नवी पोरगी, तेजश्री, मान वाकडी करून बघते.
"काकू, काय म्हणतोय तो?"

काही नाही.
मिरजेकडं ढगाळ हाय म्हणतोय.