तीनशे मिलिसेकंद

रिमविदास नोकरी सोडून गेला तेव्हा
खणात काळ्या पावाचा चुरा होता, एक तुटका चार्जर,
आणि डेस्कटॉपवर एकच फाइल :
आधी हे वाच.

मी आधी नाही वाचली.
अडल्यावर वाचली, सगळे वाचतात तशी.
क्लाइपेदात नोव्हेंबर, खाडीवरचा वारा
खिडकीच्या फटीत शीळ घालत बसलेला,
आणि फेरीबोटीच्या तिकिटांची साइट
माझ्या लॅपटॉपवर उभीच राहीना.

"नोडची सोळावी आवृत्ती घाल.
नव्याची हौस घरी फेड."

"पोर्ट तीन हजार अडलेलं दिसेल.
अडवणारा तूच आहेस, कालचा.
आधी त्याला मार, मग सुरू कर."
(फाइलमध्ये मी पुरुष आहे. चालायचंच.)
कालच्या मला मारलं.
साइट उठून बसली.

"डिव्ह मधोमध आणायचाय? खालच्या तीन ओळी उचल.
समजून घेत बसू नकोस,
माझे दोन उन्हाळे त्यात गेले."

"बदल दिसत नाही? कॅश पूस.
तरी दिसत नाही?
मग तू दुसऱ्याच फोल्डरमध्ये बसलायस."
बसले होते. सकाळपासून.

"वेळ साठवताना जगाची, दाखवताना आपली.
नाहीतर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
पहाटे साडेतीनची बोट दोनदा सुटते."

"यूटीएफ-आठ. सगळीकडे.
विसरलास तर अक्षरांवरचे ठिपके उडतात
आणि निम्म्या गावातल्या बायकांची प्रश्नचिन्हं होतात."
माझ्या नावात तसा एक ठिपका आहे, औस्तेया मधल्या ते वर.
बँकेच्या पत्रात मी अजून
स्वतःबद्दल शंका घेऊन येते.

आणि अगदी तळाशी, कारण न देता :
"तिकिटाचं बटण एकदा दाबलं की
तीनशे मिलिसेकंद बहिरं राहतं.
ही ओळ काढू नये."

मला धूळ बघवत नाही. काढली.
चाचण्या सगळ्या हिरव्या.
साइट पापणीभर चपळ झाली,
स्किरमांतास साहेब म्हणाले, शाबास.

शुक्रवारी धक्क्यावर
लोकरी टोपीतला एक एकटा म्हातारा
हातात दोन तिकिटं घेऊन उभा होता
आणि पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता,
बरोबर कोण आहे ते.
त्याच्यामागे सायकलवाली मुलगी. दोन तिकिटं.
एक नर्स. दोन.
संध्याकाळपर्यंत निम्मी बोट
नसलेल्या माणसांनी भरून पलीकडे गेली.

मी रिमविदासला फोन लावला.
तो आता युओदक्रांतेत मासे धुरावतो,
बोलताना मधेच लाकडं सारतो, खोकतो.
"काढलीस ना," म्हणाला. विचारलं नाही.

खिडकीवर गेनोवाइते बसते.
तिला संगणक मुलाने शिकवला, तो आयर्लंडला जायच्या आधी,
एका दुपारी, घाईघाईत :
आई, दोनदा टिचकायचं, म्हणजे उघडतं.
तेव्हापासून ती सगळं दोनदा टिचकते.
फोल्डर, दुवे, बटणं.
लिफ्टचंसुद्धा.

"मग कारण का नाही लिहिलंस?"
पलीकडे लाकूड तडकलं.
"लिहिलं असतं तर कुणीतरी हुशार
तिला शिकवायला गेला असता.
पेन्शनला तीन वर्षं उरली आहेत तिची.
तीनशे मिलिसेकंद आपल्याला जड आहेत का?"

ओळ परत घातली.
साइट पुन्हा पापणीभर मंद.
साहेबांच्या लक्षातही आलं नाही.

मग फाइल उघडली,
त्याच्या शेवटच्या वाक्याखाली कर्सर बराच वेळ
उघडझाप करत राहिला,
आणि जो कोण, जी कोण पुढे येईल
त्याच्या-तिच्यासाठी मी लिहिलं :

काढू नये.
पटत नसेल तर एकदा बोटीने पलीकडे जाऊन ये.
तिकीट फोनवर काढू नकोस,
खिडकीवर काढ.
तिच्या बोटाकडे बघ.